सेन्सर बदलला तरी तापमान चुकतंच: लूपमधला बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेक ठिकाणी एकच असते. हार्डनिंगच्या भट्टीचा सेटपॉइंट, म्हणजे हवं असलेलं तापमान, ८५० अंश सेल्सिअस, कंट्रोलरवरही ८५०, पण तपासणीसाठी आत घातलेलं दुसरं थर्मोकपल (दोन वेगळ्या धातूंच्या वायरींचा तापमान सेन्सर) ८९० दाखवतं. मग थर्मोकपल बदलतात. फरक तसाच राहतो, किंवा थोडा कमी होऊन महिन्याभरात परत येतो. शेवटी कुणीतरी कंट्रोलरमध्ये ४० अंशांचा ऑफसेट, म्हणजे रीडिंगमध्ये कायम मिळवायचा आकडा, टाकतं आणि विषय मिटला असं समजतं. पुढच्या उन्हाळ्यात तोच ऑफसेट नवी चूक होऊन समोर उभा राहतो.

थर्मोकपल हा त्या लूपचा, म्हणजे सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंतच्या साखळीचा, फक्त एक तुकडा आहे. टोक, हेड (सेन्सरला केबल जोडायची डबी), केबल, पॅनलमधली टर्मिनल स्ट्रिप, कंट्रोलर आणि त्याचं सेटिंग यांतला कुठलाही तुकडा ४० अंश खाऊ शकतो. त्यामुळे काही बदलायच्या आधी लूप हेडपाशी तोडा आणि चूक हेडच्या अलीकडे (थर्मोकपलच्या बाजूला) आहे की पलीकडे (केबल आणि पॅनलच्या बाजूला), एवढं ठरवा. त्याला अर्धा तास पुरतो. तो अर्धा तास न दिल्यामुळे चांगली थर्मोकपल भंगारात जातात.

आधी चुकीची चाल बघा

किती अंशांनी चुकतंय यापेक्षा चूक कशी वागते हे जास्त सांगून जातं. सगळ्या तापमानांना साधारण तेवढाच फरक असेल तर केबल, कोल्ड जंक्शन (कंट्रोलर स्वतःच्या टर्मिनलपाशी मोजून हिशेबात धरतो ते तापमान) किंवा दोन-वायर आरटीडीकडे (तापमानाबरोबर रोध बदलणारा सेन्सर) बघा. तापमानाबरोबर फरक त्याच प्रमाणात वाढत असेल तर ट्रान्समीटर (सेन्सरचं माप मिलिअँपच्या सिग्नलमध्ये बदलणारं उपकरण) आणि पीएलसी (प्लांट चालवणारा औद्योगिक संगणक) यांची रेंज जुळत नसणार. दुपारी एक आणि पहाटे दुसरंच दिसत असेल तर हेड किंवा पॅनलच्या तापमानाचा संबंध आहे. महिनोन्‌महिने हळूहळू रीडिंग उतरत असेल तरच थर्मोकपल म्हातारं झाल्याचा संशय घ्या. धुण्यानंतर किंवा पावसात आरटीडी कमी दाखवत असेल तर ओल. हीटर चालू झाला की आकडा नाचत असेल तर नॉइज किंवा अर्थिंग.

कंट्रोलरमधला ऑफसेट शून्य केल्याशिवाय यातलं काहीच तपासू नका. जुना आकडा कागदावर लिहून ठेवा आणि मग शून्य करा. एका भट्टीवर दोन-तीन जणांनी वेगवेगळ्या वेळी टाकलेला ऑफसेट असू शकतो. तो तसाच ठेवून घेतलेलं प्रत्येक माप फसवं निघतं.

हेडपाशी मिलिव्होल्ट मोजणं

कंट्रोलर आधी मॅन्युअलवर घ्या, ही पायरी चुकवू नका. वायर सुटली की काही कंट्रोलर रीडिंग वर नेऊन हीटर बंद करतात. पण सेटिंग उलटं असेल तर रीडिंग खाली जातं आणि हीटर पूर्ण ताकदीने चालू होतो.

भट्टी स्थिर झाली की हेडचं झाकण उघडा आणि केबलची एक वायर सोडवा. मल्टिमीटर थर्मोकपलच्या दोन टर्मिनलांवर लावा. साधा, मिलिव्होल्टला एकच दशांश दाखवणारा मीटर इथे कामाचा नाही, कारण के-टाइपमध्ये (क्रोमेल आणि ॲल्युमेल या मिश्रधातूंचं थर्मोकपल) ०.१ मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ अडीच अंश. निदान दोन दशांश हवेत. त्याच वेळी हेडमधल्या टर्मिनलचं तापमान दुसऱ्या छोट्या प्रोबने मोजा, कारण हे मिलिव्होल्ट टोक आणि हेड यांच्या तापमानातल्या फरकाचे असतात, तक्ता मात्र शून्य अंशांपासूनचा असतो. भट्टीच्या भिंतीलगतच्या हेडमध्ये ६०-७० अंश सहज असतात.

समजा हेडवर ३४.०७ मिलिव्होल्ट आले आणि हेड ७० अंशांना आहे. के-टाइपच्या तक्त्यात ७० अंशांना २.८५ मिलिव्होल्ट आहेत. दोन्हींची बेरीज ३६.९२, आणि तक्त्यात ३६.९२ म्हणजे ८९० अंश. म्हणजे थर्मोकपल बरोबर सांगतंय, भट्टी खरंच ८९० ला आहे आणि ४० अंश हेडच्या पुढे कुठेतरी हरवले आहेत. इथे थर्मोकपल बदलून काहीही होणार नाही.

बेरीज नेहमी मिलिव्होल्टची करायची, अंशांची नाही. के-टाइप बऱ्यापैकी सरळ रेषेत चालतं म्हणून तिथे अंशांची बेरीज केली तरी उत्तर जवळपास येतं आणि तीच सवय लागते. एस-टाइपमध्ये (प्लॅटिनमचं थर्मोकपल) ती सवय महागात पडते. त्याचं हेड ४० अंशांना असेल तर तिथले मिलिव्होल्ट फक्त ०.२३५ असतात आणि हजार अंशांच्या आसपास तेवढ्यांची किंमत २० अंशच होते. सरळ ४० मिळवले तर २० अंशांची चूक आपणच तयार केली.

जंपरची चाचणी: कॅलिब्रेटर नसला तरी चालेल

कॅलिब्रेटर (थर्मोकपलसारखे ठरावीक मिलिव्होल्ट देणारं उपकरण) हाताशी असेल तर हेडच्या जागी तो केबलला जोडा, के-टाइप आउटपुटवर ८५० द्या आणि कंट्रोलरवर काय येतं ते बघा. कॅलिब्रेटर आणि केबल यांच्यामधल्या छोट्या वायरही के-टाइपच्याच हव्यात.

नसेल तर तांब्याच्या वायरचा एक तुकडा, म्हणजे जंपर, घ्या. हेडमधून केबलच्या दोन्ही वायर सोडवा आणि त्यांची टोकं त्या तुकड्याने जोडा. जोड हेडच्याच टर्मिनलवर, हेडच्याच तापमानाला ठेवा, बाहेर हवेत लोंबकळू देऊ नका. केबल बरोबर असेल तर कंट्रोलर हेडचं तापमान दाखवतो. हेड ७० अंशांना आणि पॅनल ३० अंशांना आहे असं धरलं, तर तीन उत्तरं संभवतात.

कंट्रोलर ७० दाखवतो: केबल आणि कंट्रोलर दोन्ही ठीक.

कंट्रोलर ३० दाखवतो: मधली केबल साधी तांब्याची आहे. हेड आणि पॅनल यांच्यातला फरक, म्हणजे ४० अंश, गेला. वरच्या उदाहरणातली चूक हीच.

कंट्रोलर उणे ११ च्या आसपास दाखवतो, किंवा रेंज शून्यापासून असेल तर अंडर-रेंज: केबल योग्य जातीची आहे, पण उलटी जोडली आहे. चूक दुप्पट, म्हणजे ८० अंश. कंट्रोलर ८५० दाखवत असताना भट्टी ९३० ला असते.

एवढी स्वस्त आणि इतकं स्पष्ट उत्तर देणारी दुसरी चाचणी या कामात नाही. मेंटेनन्सच्या प्रत्येक माणसाला ती हाताने करता आली पाहिजे.

उलटी केबल लपते कशी

थर्मोकपल फक्त एका ठिकाणी उलटं जोडलं गेलं तर चूक लगेच कळते, कारण भट्टी तापते तसा आकडा खाली जातो. मग घाईत पॅनलपाशी दोन वायर आलटून-पालटून लावतात. आकडा वर जायला लागतो आणि सगळे समाधानी होतात. पण मूळ चूक हेडमध्ये होती. आता केबल दोन्ही टोकांना उलटी झाली. थर्मोकपल कंट्रोलरला सुलटं दिसतं, मधली केबल मात्र उलट्या दिशेने मिलिव्होल्ट देत राहते. तापवल्यावर आकडा वाढतो, स्थिरही राहतो, आणि हेड-पॅनलच्या फरकाच्या दुपटीने कमी असतो. थंड भट्टीत हेड आणि पॅनल एकाच तापमानाला असतात, त्यामुळे सकाळी सुरू करताना काही चुकलंय याचा पत्ताही लागत नाही. म्हणून जंपरची चाचणी भट्टी गरम असतानाच करा.

या गोंधळाचं मूळ बरेचदा रंगांत असतं. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रंगांत के-टाइपची वायर हिरवी म्हणजे प्लस आणि पांढरी म्हणजे मायनस, बाहेरचं आवरण हिरवं. अमेरिकी पद्धतीत पिवळी प्लस आणि लाल मायनस. आपल्या इलेक्ट्रिशियनचा हात लाल वायर पाहिली की प्लसकडेच जातो. वर्षानुवर्षं डीसी वायरिंग तसंच केलेलं असतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. अमेरिकी रंगांची केबल प्लांटमध्ये येत असेल तर पॅनलच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: के-टाइप, लाल म्हणजे मायनस.

रंग उडाले असतील, आवरण जळून काळं पडलं असेल, तर चुंबक वापरा. के-टाइपची मायनस वायर ॲल्युमेलची असते आणि थंड असताना तिला चुंबक ओढतो, प्लसच्या क्रोमेलला ओढत नाही. जे-टाइपमध्ये उलट आहे: तिथे प्लस वायर लोखंडाची, चुंबक तिलाच चिकटतो. ॲल्युमेल बारीक असेल तर ओढ हलकी जाणवते, म्हणून चुंबक दोऱ्याला टांगून वायर त्याच्याजवळ न्या.

चुंबक एकाही वायरला ओढत नसेल आणि एक वायर लालसर तांब्याची दिसत असेल तर ती तांबं-कॉन्स्टंटनची (तांबं-निकेलचा मिश्रधातू) कंपेन्सेटिंग केबल, म्हणजे दुसऱ्या धातूंची पण के-टाइपसारखेच मिलिव्होल्ट देणारी केबल, असू शकते. ती चालते, पण मर्यादेत. जोडाचं तापमान १०० अंशांच्या वर गेलं की या प्रकाराचं गणित बिघडायला लागतं. भट्टीच्या तोंडाजवळचं हेड तेवढं तापत असेल तर तिथे खऱ्या क्रोमेल-ॲल्युमेलची एक्स्टेंशन केबलच टाका.

पॅनलमधला शेवटचा अर्धा मीटर

केबल बरोबर, पोलॅरिटी बरोबर, तरी पाच-सात अंश कमी दिसत आहेत? पॅनलचं दार उघडा. योग्य केबल खालच्या टर्मिनल स्ट्रिपपर्यंत येते आणि तिथून कंट्रोलरपर्यंत पॅनलवाल्याने व्यवस्थित फेरूल लावून साधी तांब्याची वायर नेलेली असते. दिसायला सुबक, मापाला वाईट. कंट्रोलरचं कोल्ड जंक्शन त्याच्या स्वतःच्या टर्मिनलचं तापमान मोजतं, खालच्या स्ट्रिपचं नाही. स्ट्रिप ४५ अंशांना आणि कंट्रोलरची पाठ ३८ ला असेल तर ७ अंश गेले. थायरिस्टर किंवा एसएसआरचं (हीटरची वीज चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) हीट सिंक स्ट्रिपच्या शेजारी असेल तर हा फरक लोडप्रमाणे दिवसभर बदलत राहतो. केबल थेट कंट्रोलरच्या टर्मिनलपर्यंत न्या. मध्ये स्ट्रिप हवीच असेल तर के-टाइपच्या धातूची टर्मिनल मिळतात, ती वापरा.

कंट्रोलर तपासायला त्याच्याच मागच्या दोन इनपुट टर्मिनलांवर जंपर लावा. त्या टर्मिनलाचं तापमान दिसलं पाहिजे. पॅनलचा पंखा किंवा एसीचा झोत थेट कंट्रोलरच्या पाठीवर येत असेल तर इथेही दोन-तीन अंशांचा फरक निघतो. झोत वळवा.

सगळ्यात धोक्याचा बिघाड

तुटलेलं थर्मोकपल कंट्रोलर ओळखतो. शॉर्ट झालेली केबल तो ओळखत नाही. केबलचं आवरण भट्टीच्या पत्र्याला टेकून वितळलं आणि दोन वायर एकमेकींना लागल्या, की तिथे एक नवीन सांधा तयार होतो. कंट्रोलर त्या जागेचं तापमान, समजा १२० अंश, अगदी शांतपणे दाखवत राहतो. त्याच्या लेखी भट्टी थंड आहे, म्हणून तो हीटर शंभर टक्के चालवतो. आत तापमान वाढत जातं. माल जातो, एलिमेंट जातात, आणि गॅसची भट्टी असेल तर माणसांच्या जिवावर बेतू शकतं.

म्हणून प्रत्येक भट्टीला वेगळ्या थर्मोकपलवर, वेगळ्या केबलवर चालणारा ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलर हवाच. त्याने मुख्य कॉन्टॅक्टर किंवा गॅसचा व्हॉल्व्ह थेट तोडला पाहिजे, पीएलसीच्या मार्फत नाही. एकाच दुहेरी थर्मोकपलचे दोन सांधे वापरून ही गरज भागत नाही, कारण केबलचा मार्ग एक असेल तर दोन्ही एकदमच जळतात. आणि हीटर बराच वेळ पूर्ण चालू असून तापमान हलत नसेल तर अलार्म वाजावा असं सेटिंग बऱ्याच कंट्रोलरमध्ये असतं. ते चालू करा.

चूक हेडच्या अलीकडे निघाली तर

हेडवरची बेरीज कमी आली आणि तपासणीचं थर्मोकपल जास्त दाखवतंय, म्हणजे दोष थर्मोकपलचा किंवा त्याच्या बसवण्याचा.

के-टाइपचा ठरलेला आजार म्हणजे क्रोमेल वायरमधलं क्रोमियम आधी जळून जाणं. साधारण ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात, बंद आणि ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या नळीत हे घडतं. वायर कापून पाहिली तर हिरवट थर दिसतो आणि जिला चुंबक ओढत नव्हता त्या प्लस वायरलाही ओढायला लागतो. मिलिव्होल्ट कमी होतात, कंट्रोलरला भट्टी थंड वाटते आणि ती प्रत्यक्षात जास्त तापते. बारीक, लांब आणि दोन्हीकडून बंद नळीत हे लवकर होतं. मोठ्या व्यासाची नळी, जाड वायर, किंवा सरळ एन-टाइप (वेगळ्या मिश्रधातूंचं थर्मोकपल) हा उपाय आहे. एन-टाइप लावताना केबल आणि कंट्रोलरचं सेटिंगही एन-टाइपचं करा. नुसतं थर्मोकपल बदललं तर नवीन चूक घरात आणली.

दुसरा बारीक दोष २५० ते ५५० अंशांच्या दरम्यान दिसतो. तिथे क्रोमेलची अंतर्गत रचना थोडी बदलते आणि के-टाइप काही अंशांनी सरकतं. टेंपरिंगच्या भट्ट्या नेमक्या याच पट्ट्यात चालतात. तिथेही एन-टाइप जास्त स्थिर राहतं.

आता एक गोष्ट, जी लॅबमध्ये वारंवार चुकते. थर्मोकपलचे मिलिव्होल्ट टोकाच्या सांध्यात तयार होत नाहीत. वायर जिथे गरमपासून थंडीकडे जाते, त्या लांबीत ते तयार होतात. भट्टीत वापरून जुन्या झालेल्या थर्मोकपलचा खराब भाग बहुधा भिंतीलगत असतो. असं थर्मोकपल काढून ड्राय ब्लॉकमध्ये (तपासणीसाठी तापवलेला धातूचा ठोकळा) १५० मिलिमीटर खोल घातलं तर तापमानाचा उतार वायरच्या दुसऱ्याच, चांगल्या भागावर पडतो. रिपोर्ट चांगला येतो आणि तेच थर्मोकपल भट्टीत परत गेलं की पुन्हा चुकतं. वापरलेल्या के-टाइपची तपासणी जागच्या जागी करा: त्याच नळीत किंवा टोकाला अगदी लागून नवीन, कॅलिब्रेट केलेलं थर्मोकपल घाला आणि भट्टी स्थिर झाल्यावर दोन्ही वाचा. याच कारणाने जुनं थर्मोकपल कधीही कमी-जास्त खोलीवर सरकवू नका. नवं असताना ज्या खोलीवर बसवलं, तिथेच ठेवा किंवा बदला.

नवीन थर्मोकपलकडूनही किती अपेक्षा करायची ते माहीत हवं. क्लास २ चं के-टाइप वरच्या तापमानाला ०.७५ टक्के इकडे-तिकडे असू शकतं. ८५० अंशांना ते ६.४ अंश होतात. दोन नवी थर्मोकपल १० अंशांनी वेगळी दिसली तरी दोन्ही मानकात बसू शकतात. काम ५ अंशांच्या आतलं असेल तर क्लास १ घ्या, त्यात ०.४ टक्के, म्हणजे ३.४ अंश.

खोली कमी पडली तर काहीच खरं नाही

सेन्सर आपल्या टोकाचं तापमान दाखवतो आणि टोकातली उष्णता दांड्यावाटे बाहेर पळत असते. पाइपमध्ये किंवा टाकीत थर्मोवेल (सेन्सर ज्यात बसतो ती बंद तळाची नळी) आपल्या व्यासाच्या निदान दहापट खोल द्रवात बुडालेली हवी. १२ मिलिमीटरच्या वेलला १२० मिलिमीटर. गॅस आणि हवेत याहून जास्त लागतं. दोन इंची पाइपात एवढी खोली सरळ मिळत नाही. मग एल्बोमध्ये, प्रवाहाच्या समोर तोंड करून, तिरकी वेल बसवा. बाहेरच्या गळ्यावर इन्सुलेशन चढवा. ते न चढवल्यामुळे गेलेले दोन-तीन अंश लोक वर्षानुवर्षं सेन्सरच्या माथी मारतात.

वेलचा तळ आणि सेन्सरचं टोक यांत हवेची पोकळी राहिली की रीडिंग मंद होतं, आणि वेल आखूड असेल तर कमीही दिसतं. स्प्रिंग असलेला इन्सर्ट वापरा म्हणजे टोक तळाला दाबून बसेल. काढलेल्या इन्सर्टच्या टोकाला खडू लावून परत घाला. बाहेर काढल्यावर खडू पुसला गेला नसेल तर टोक तळाला लागतच नाही.

पण खोली हवी म्हणून वेगाच्या प्रवाहात लांब, सडपातळ वेल घालणं हाही उपाय नाही. द्रव वेलच्या मागे भोवरे सोडतो, वेल कंप पावते आणि थकून तुटते. जपानच्या मोंजू अणुभट्टीत ८ डिसेंबर १९९५ रोजी दुय्यम सोडियम लूपमधली थर्मोवेल अशीच कंपनाने तुटली आणि सोडियम गळून आग लागली. वेगवान वाफ किंवा द्रवासाठी वेलचं गणित एएसएमई पीटीसी १९.३ टीडब्ल्यू या मानकाप्रमाणे पुरवठादाराकडून लेखी मागून घ्या.

रिॲक्टर, टाकी, पाश्चरायझर: पीटी-१०० चे प्रश्न

पीटी-१०० हा प्लॅटिनमचा आरटीडी: शून्य अंशांना १०० ओहम आणि १०० अंशांना १३८.५१ ओहम. म्हणजे एका अंशाला सुमारे ०.३८५ ओहम. एवढ्या छोट्या आकड्यात वायरचा रोध सहज भर टाकतो. ०.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दर मीटरला सुमारे ०.०३४५ ओहम देते. ४० मीटर जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे २.७६ ओहम. दोन-वायर जोडणीत हे थेट ७ अंश जास्त दाखवतं. सेन्सर तीन-वायरचा असूनही तिसरी वायर कुठेतरी तुटली म्हणून कंट्रोलरपाशी दोन टर्मिनल शॉर्ट केलेली बऱ्याच पॅनलमध्ये सापडतात. आधी तेवढं बघा.

तीन-वायर जोडणी तिन्ही वायरींचा रोध सारखा धरून चालते. एका लगमध्ये (वायरच्या टोकाचा जोड) गंज धरून अर्धा ओहम वाढला तरी सव्वा अंश गेला, आणि कोणती वायर यावर चूक वर जाते की खाली ते ठरतं. तपासणी सोपी आहे. पॅनलपाशी तिन्ही वायर सोडवा. दोन लाल वायरींमधला रोध मोजा, समजा २.८ ओहम. मग पांढरी आणि एक लाल: १३३.७. वजाबाकी १३०.९, म्हणजे ८० अंश. आता पांढरी आणि दुसरी लाल मोजा. दोन्ही मापांत ०.१ ओहमपेक्षा जास्त फरक असेल तर कुठलं तरी टर्मिनल ढिलं आहे. हेड, जंक्शन बॉक्स आणि पॅनल तिन्ही ठिकाणचे स्क्रू साफ करून आवळा आणि पुन्हा मोजा.

ओल शिरली की पीटी-१०० कमी दाखवतो, कारण ओल सेन्सरला समांतर वाट देते. ८० अंशांवर १० किलो-ओहमची गळती असेल तर रीडिंग साडेचार अंशांच्या आसपास उतरतं. धुलाईनंतर बिघडणारा आणि तासाभराने आपोआप सुधारणारा सेन्सर हमखास याच गटातला. डेअरीत दूध ७२ अंशांना १५ सेकंद धरायचं असतं, तिथे सेन्सर कमी दाखवू लागला तर दूध जास्त तापतं आणि पोळल्याचा वास येतो. दोन-वायरमुळे जास्त दाखवू लागला तर दूध नीट तापतच नाही, आणि ही चूक कितीतरी गंभीर. वायर कंट्रोलरपासून सोडवून, वायर आणि बाहेरची स्टीलची नळी यांच्यामध्ये १०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासा. नव्या सेन्सरला थंड असताना १०० मेगा-ओहम तरी हवेत. ५०० व्होल्टचा मेगर लावू नका आणि ट्रान्समीटर जोडलेला असताना तर मुळीच नको. हेडचा ग्लँड (केबल आत शिरायची जागा) वर तोंड करून बसवला असेल तर तो खाली किंवा आडवा करा, आणि केबलला हेडच्या आधी खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल.

ट्रान्समीटर आणि नॉइज, थोडक्यात

ट्रान्समीटर ० ते ४०० ला लावलेला आणि पीएलसीत ० ते ५०० भरलेलं असेल तर १२ मिलिअँपला (४ ते २० मिलिअँपच्या बरोबर मध्यावर) खरे २०० अंश असताना स्क्रीनवर २५० येतात. ५० ला ६२.५ दिसतात. आकडा प्रत्येक ठिकाणी खऱ्याच्या सव्वापट. सेन्सर किंवा ट्रान्समीटर बदलल्यावर लगेच सुरू झालेली तक्रार असेल तर पहिला संशय इथेच घ्या.

आकडा नाचत असेल तर टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट मोजा, हीटर चालू असताना आणि बंद असताना. फरक मोठा असेल तर थर्मोकपलची केबल पॉवरच्या ट्रेमधून वेगळी काढा, शील्ड फक्त एका टोकाला अर्थ करा, आणि टोक बॉडीला जोडलेलं थर्मोकपल असेल तर अनग्राउंडेड लावा किंवा आयसोलेटेड ट्रान्समीटर वापरा. फिल्टरचा वेळ वाढवून आकडा शांत करणं टाळा. त्याने नाच दिसेनासा होतो, पण नियंत्रणही तेवढंच सुस्त होतं.

प्लांटमध्ये खात्रीचे दोन बिंदू

बर्फाचा बिंदू सगळ्यात सोपा आणि भरवशाचा. शुद्ध पाण्याचा बर्फ बारीक कुटून थर्मासमध्ये घट्ट भरा, त्यात थंड शुद्ध पाणी बर्फाच्या फटी भरतील एवढंच ओता. बर्फ तरंगत राहून तळाला नुसतं पाणी साचलं तर तिथलं तापमान ४ अंशांपर्यंत असू शकतं, म्हणून साचलेलं पाणी काढत राहा. सेन्सर १५० मिलिमीटर तरी खोल, भिंतीला न लावता, दहा मिनिटं ठेवा. पीटी-१०० चा रोध १०० ओहम यायला हवा. क्लास बीला ०.३ आणि क्लास एला ०.१५ अंशांची सूट आहे.

उकळत्या पाण्याला मात्र १०० अंश धरू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे आणि तिथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कोल्हापुरातही जवळपास तेवढंच. बरोबर असलेल्या सेन्सरला या दोन अंशांसाठी ऑफसेट टाकला की तो खराब झाला. उकळता बिंदू वापरायचाच असेल तर त्या दिवशीच्या हवेच्या दाबावरून काढा.

एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त लॅबचा दाखला घेताना कामाचं तापमान मापाच्या बिंदूंमध्ये आहे ना ते बघा. ८५० ला चालणाऱ्या थर्मोकपलचा २०० पर्यंतचा दाखला उपयोगाचा नाही. शिवाय तो दाखला सेन्सरचा असतो, केबल आणि पॅनलचा नाही.

बिघाड काढल्यावर, भट्टी तापलेली असतानाच, हेडवरचे मिलिव्होल्ट, हेडचं तापमान, हेड-जंपरचं रीडिंग आणि कंट्रोलर-जंपरचं रीडिंग हे चार आकडे तारीख घालून पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. खाली सेन्सरचा प्रकार, बुडवण्याची खोली, केबलचा प्रकार आणि ऑफसेट लिहा. पुढच्या वेळी तक्रार आली की आधी हेच चार आकडे पुन्हा घ्या. जो आकडा बदललेला असेल, तिथूनच काम सुरू करा.